नाक्यावरचं हॉटेल : मालक तीन, जागा एक

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी परिसराच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा गिरणी, चाळ आणि गणेशोत्सव हे तिन्ही विषय आधीच इतरांनी घेऊन टाकले होते. मग मी नाक्यावरचं हॉटेल घेतलं. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. समोरच्या जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं ते हॉटेल मात्र माझ्या जन्माच्याही आधीचं, म्हणजे पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या मालकाने ते पुन्हा सुरू केलं आणि तेव्हापासून जिन्यात, लिफ्टमध्ये, कट्ट्यावर एक वाक्य सारखं कानावर येतं : "आता ते आपलं हॉटेल राहिलं नाही." हेच वाक्य मी याच नाक्यावर पूर्वी एकदा ऐकलं होतं, माझ्या वडिलांच्या तोंडून. तेव्हा मालक इराणी जाऊन उडपी आले होते. म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन हिशोब तपासावा.

मुंबईची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ साली चालू झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ-लालबाग-भायखळा हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणूस आला तो एकटा. बायकामुलं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. अशा माणसाला चूल कुठली? त्याला जेवायला घातलं ते खानावळवाल्या बायकांनी. स्वतःच्याच दहा बाय बाराच्या खोलीत त्या वीस-पंचवीस 'मेंबरां'चं दोन वेळचं रांधायच्या आणि पैसे महिना झाला की मिळायचे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना संघटित केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिलं. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं नसतं, तर तारण ठेवायला हातातल्या पोळपाट-लाटण्याशिवाय काही नसलेल्या बाईला बँकेच्या दारात कोणी उभं केलं नसतं. मी १९७३ साली बँकेत लागलो. त्या काळात असे लहान कर्जाचे अर्ज घेऊन येणाऱ्या बायका मी काउंटरवरून पाहिल्या आहेत. सही येत नसे, अंगठा असे, पण कोणत्या मेंबराकडून किती येणं आहे हे पाठ असे.

पांढरपेशांची सोय वेगळी होती. गिरगावात माधवाश्रम १९०८ साली निघाला, दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० साली. कोकणातून किंवा पुण्याहून आलेला कारकून तिथे निर्धास्त जेवत असे. पण त्या काळच्या पुष्कळ हॉटेलांच्या पाटीवर जात लिहिलेली असे, आणि जिथे लिहिलेली नसे तिथे ती दारात विचारली जाई. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असं हॉटेलचं नाव घेऊन लिहावं लागलं, ते उगाच नव्हे. १९५५ च्या कायद्याने असं अडवणं हा गुन्हा ठरला.

या पार्श्वभूमीवर इराण्याचं हॉटेल पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून हे लोक मुंबईत आले. बहुतेक झरथुष्ट्री, काही मुसलमान. कोपऱ्यावरची जागा व्यापाराला अशुभ म्हणून इतर घेत नसत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. कारण काही असो, इराणी आणि नाका हे समीकरण मुंबईत पक्कं झालं. धोबी तलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान १९१४ चं. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. आपल्या नाक्यावरचं हॉटेल अगदी त्याच साच्यातलं. अर्धा भाग चहाचा, अर्धा स्टोअरचा : पाव, अंडी, साबण, ब्लेड. पाटीवर नाव काय होतं हे आज कोणाला विचारलं तर सांगता येणार नाही, कारण सगळे 'इराण्याकडे' एवढंच म्हणायचे. तीन भागीदार होते, गल्ल्यावर पाळीपाळीने बसायचे.

तिथे कोण बसत होतं ते महत्त्वाचं. पहाटेची पाळी करणारा गिरणी कामगार, टॅक्सीवाला, पालिकेचा सफाई कामगार आणि आमच्या चाळीतले शाळामास्तर, सगळे एकाच संगमरवरावर कपबशी ठेवून. एक वर्तमानपत्र, त्याची पानं सुटी करून चार टेबलांवर. 'पानी कम' चहा आणि ब्रून मस्का घेऊन माणूस तासभर बसला तरी इराणी उठवत नसे. चाळीच्या खोलीत ज्याला बसायला जागा नव्हती, त्याला ती तिथे मिळे. वडिलांना इराणी 'आपला' वाटे तो यामुळे.

मग इराणी गेले का? धंद्यात राम राहिला नाही म्हणून गेले असं आपण सहज म्हणतो. बँकेच्या बाजूने पाहिलं तर गणित जास्त गुंतागुंतीचं दिसतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १९४० च्या पातळीवर बांधलं गेलं. त्यामुळे चहाच्या कपावर एवढी मोठी जागा चालू शकली. पण भागीदारांची मुलं शिकली, कोणी डॉक्टर झालं, कोणी परदेशी गेलं. पहाटे चारला भट्टी पेटवायला घरचं कोणी उरलं नाही. जागा पोटभाड्याने द्यायला कायद्याने बंदी आणि पगडी घेणं हा गुन्हा. (पगडीला कायद्याची मान्यता थेट १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मिळाली.) यातून वाट निघाली 'कंडक्टिंग'ची. जागा आणि लायसन जुन्या मालकाच्या नावावर, धंदा चालवणारा दुसरा, दरमहा ठरलेली रक्कम. असे करार मी कर्जाच्या फायलींत ढिगाने वाचले आहेत. मुंबईतली कितीतरी हॉटेलं याच कागदावर एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आपल्या नाक्यावर हे १९७७ साली झालं.

आले ते उडपीकडचे अण्णा. उडपी माणूस मुंबईला नवा नव्हता. माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढत होतं. पण सत्तरच्या दशकात या मंडळींची मोठी लाट आली, त्यामागे एक कारण शेतीचं होतं. कर्नाटकात १९७४ साली कूळकायद्यात दुरुस्ती झाली आणि कसणारा जमिनीचा मालक झाला. जमीन गेलेल्या अनेक बंट कुटुंबांतली मुलं मुंबईत हॉटेल धंद्यात शिरली. त्यांच्या पाठीशी त्यांच्याच मुलखातल्या बँका होत्या : उडपीत १९०६ साली निघालेली कॉर्पोरेशन बँक, १९२५ ची सिंडिकेट बँक, मंगळूरची १९३१ ची विजया बँक. सिंडिकेटच्या पिग्मी योजनेत एजंट रोज दारात येऊन दोन आणे नेत असे, ते १९२८ पासून. रोज गल्ला मोजणाऱ्या धंद्याला यापेक्षा सोयीची बँकिंग कुठली?

अण्णांनी संगमरवर काढून सनमायका बसवला, ऑम्लेट बंद करून इडली आणली. वडील म्हणाले, "आता ते आपलं हॉटेल राहिलं नाही." चार-सहा महिने ते तिकडे फिरकले नाहीत. मग एका दुपारी आईला घेऊन 'फॅमिली रूम'मध्ये मसाला डोसा खाऊन आले. इराण्याकडे आई एकदाही पायरी चढली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आमच्या चाळीतल्या बायका हॉटेलात जाऊन बसू लागल्या त्या अण्णांच्या काळात. दारूबंदी सैल झाल्यावर आसपासच्या बऱ्याच हॉटेलांत परमिट रूम निघाल्या, अण्णांनी काढली नाही.

आणि राईस प्लेट. दोन चपात्या, दोन भाज्या, आमटी, भात, पापड, ताक. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि खानावळवाल्या बायकांचे मेंबर गावी निघून गेले. त्या दिवसांत अण्णांच्या गल्ल्याखाली उधारीची एक लांब वही असायची. त्यातली सगळी येणी आली असतील असं मला वाटत नाही. बँकेच्या भाषेत ती बुडीत कर्जं. पण पुढे ज्यांच्या हाताला काम मिळालं ती माणसं आणि त्यांची मुलं दुसऱ्या हॉटेलात गेली नाहीत. ताळेबंदात 'गुडविल' नावाचा जो आकडा लिहितात, तो असा तयार होतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. पोरं आपापल्या गावी गेली. अण्णांचं वय झालेलं, त्यांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. शटर खाली आलं ते तीन वर्षं खालीच राहिलं. मग मालवणकडच्या एका तरुणाने ते घेतलं. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, मोठ्या हॉटेलांत नोकरी केलेला. एसी लागला, दिवे पिवळे झाले, खुर्च्या मऊ झाल्या, काउंटरवर क्यूआर कोड आला. मासे आले, त्याबद्दल तक्रार करणारे आपल्याकडे थोडेच. पण राईस प्लेट गेली.

हा बदल बहुतेकांना जाणवलाही नसेल. आपल्या सोसायटीत त्या राईस प्लेटवर दुपार काढणारी माणसं मी मोजली, बारा निघाली. बहुतेक सत्तरीपुढची, एकटी. कोणाची पत्नी गेली, कोणाची मुलं पुण्याला किंवा परदेशी. बी विंगमधले एक ज्येष्ठ सभासद शटर बंद असल्याच्या काळात दुपारी दूध-पाव खाऊन राहत, हे त्यांची तब्येत उतरल्यावर आपल्याला कळलं. डबा लावा म्हणणं सोपं आहे. डब्याबरोबर समोर बसून बोलणारं माणूस येत नाही.

ज्येष्ठ नागरिक गटातले आम्ही तिघे नव्या मालकाकडे गेलो. दया मागायला गेलो नव्हतो, कागदावर आकडे घेऊन गेलो होतो. बारा ते तीन त्याची निम्मी टेबलं रिकामी असतात, एसी मात्र चालूच असतो. बारा माणसं, महिन्याचे सव्वीस दिवस, १२० रुपयांची थाळी : महिना ३७,४४० रुपये, तेही पक्के. ही माणसं पावसातही येतात आणि ॲपवर जात नाहीत. त्याने आकडे नीट पाहिले आणि उलट अट घातली, की दहा थाळ्यांचं कूपन पुस्तक आगाऊ घ्यायचं, म्हणजे सकाळी भाजी किती आणायची ते कळेल. आम्ही मान्य केलं. गेल्या वर्षापासून दारातल्या फळ्यावर 'राईस प्लेट १२ ते ३' असं खडूने लिहिलेलं असतं. आता बारांचे एकोणीस झाले आहेत, त्यांत दोघी नर्सिंग होममधल्या मुली आणि एक आपला वॉचमन आहे. आमटीला चव तीच आहे, कारण अण्णांच्या वेळचा आचारी नव्या मालकाने गावाहून शोधून परत आणला.

नेमाने जेवणारे ठरलेले मेंबर ही पद्धत शंभर वर्षांपूर्वीच्या खानावळीचीच. सरकारनेही हा प्रश्न दोनदा हातात घेऊन पाहिला. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली, २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. योजना येतात, जातात. घरात चूल न पेटणारा माणूस मात्र प्रत्येक पिढीत असतो. पूर्वी तो विशीतला गिरणी कामगार होता, आज सत्तरीतला पेन्शनर आहे. नाक्यावरचं हॉटेल आपलं आहे की नाही, हे मी तरी यावरून ठरवतो : या माणसाला तिथे परवडेल असं जेवण आणि घाई न करता बसायला खुर्ची मिळते का?

पाटीवरच्या नावाचं फार मनाला लावून घेऊ नये. वर ज्या तीन बँका सांगितल्या, त्यांपैकी विजया २०१९ साली बँक ऑफ बडोदात गेली. २०२० साली सिंडिकेट कॅनरात आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेली. खातेदारांची खाती चालू राहिली, म्हणून बँक चालू राहिली.

आता सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रविवारी जेवण बाहेरून येतं. महिन्यातून एखादा रविवार ते जिना उतरून, रस्ता ओलांडून तिथे जाऊन जेवावं आणि मुलांना बरोबर न्यावं. एकोणीस कूपनांवर राईस प्लेट टिकते, पण हॉटेल टिकायला रात्रीची टेबलं भरावी लागतात. ज्येष्ठांपैकी ज्यांना कूपन पुस्तक हवं असेल त्यांनी सोसायटी ऑफिसात नाव द्यावं. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या हॉटेलावर लिहिणारा कोणी दुसरा असेल, आणि कदाचित मालकही चौथा असेल. राईस प्लेट तेव्हाही असावी.