सही रात्री, मंजुरी सकाळी

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. पंतप्रधानपद शाबूत राहिले, मात्र लोकसभेत मतदानाला मनाई झाली. पुढच्या काही तासांत काय घडले, ते नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढील साक्षींतून उघड झाले.

२५ जून, सकाळ
पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांना सफदरजंग रोडवरील निवासस्थानी बोलावणे आले. कडक उपाय हवा, असे पंतप्रधानांनी सांगितले. राय बॅरिस्टर. राज्यघटना पाहायला त्यांनी वेळ मागून घेतला.

दुपार
राय परतले ते कलम ३५२ घेऊन. ‘अंतर्गत अशांतता’ हे दोन शब्द आणीबाणीला पुरेसे होते. बांगलादेश युद्धाच्या वेळची आणीबाणी १९७१ पासून लागूच होती. आता तिच्या जोडीला दुसरी.

संध्याकाळ
दोघे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटले. रामलीला मैदानावर विरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. बेकायदा हुकूम पाळू नका, असे त्यांनी पोलिसांना व जवानांना सांगितले. सरकार पुढे याच भाषणाकडे बोट दाखवत राहिले. कलम मात्र दुपारीच ठरले होते.

रात्री अकरानंतर
पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपती भवनात पोहोचले. विषय मंत्रिमंडळापुढे नेला असता, पण आज रात्री ते शक्य नाही, सबब कामकाज नियमावलीच्या नियम १२ चा आधार घेत आहे, असा त्याचा आशय. राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांनी घटनात्मक शंका काढली. मध्यरात्रीपूर्वी पंतप्रधानांचे सहायक आर. के. धवन यांनी आणलेल्या मसुद्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

रात्री दोनच्या सुमारास
बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. ‘हिंदुस्थान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ यांची वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून येत होती, म्हणून ते अंक निघाले.

पहाटे तीनच्या सुमारास
गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये ७२ वर्षांच्या जयप्रकाशांना झोपेतून उठवून अटक झाली. ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’, एवढेच ते म्हणाले. मोरारजी देसाईही पकडले गेले.

सकाळी सहा
पहाटे फोन गेले आणि तासा-दीड तासात मंत्री हजर झाले. मग रात्रीच का बोलावले नाही? सरदार स्वर्णसिंगांनी एखाद-दुसरा प्रश्न विचारला. विरोध कोणीच केला नाही. होऊन गेलेल्या गोष्टीला मंजुरी मिळाली.

सकाळी आठ
आकाशवाणीवरून पंतप्रधानांनी देशाला कळवले. बंगळूरला संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले मधू दंडवते, वाजपेयी आणि अडवाणी त्याच दिवशी स्थानबद्ध झाले. २७ जूनला कलम १४, २१ आणि २२ खालच्या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. ‘मिसा’ या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली पुढे सुमारे ३५ हजार माणसे डांबली गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक मतांनी त्यांच्यासाठी दार लावून घेतले. न्या. एच. आर. खन्ना तेवढे वेगळे उभे राहिले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले.

त्या रात्री प्रत्येक पायरीवर कायद्याचा आधार दाखवता येत होता: कलम, नियम, सही, शिक्का. राष्ट्रपतींना सही रोखून मंत्रिमंडळाचा निर्णय मागता आला असता, मंत्र्यांना सकाळी नकार देता आला असता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ आणले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला आणि जगण्याचा हक्क निलंबनाबाहेर ठेवला. पण लेखी निर्णयावर सह्या करणारी माणसे गप्प बसणारी असली, तर कागदाने काही अडत नाही. सत्तेवर कोणताही पक्ष असो, देशाच्या सुरक्षेचे नाव घेऊन घाई सुरू झाली की खासदाराला, न्यायालयाला, वर्तमानपत्राला आणि स्वतःलाही विचारा: हे कोणाला विचारून ठरले? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.