सोनापूर ते शिवडी

गावाचे स्मशान वेशीबाहेर असते. पण वेसच पुढे सरकू लागली तर? मुंबईतील इंग्रजांच्या दफनभूमीला असे दोनदा जागा बदलावी लागली.

त्यांची पहिली दफनभूमी किल्ल्याच्या दक्षिणेस, मेंढॅम्स पॉइंट येथे समुद्रकाठी होती. विलायतेहून आलेल्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे सतराव्या शतकात म्हटले जाई. यावरून तेथे किती दफने होत असतील याची कल्पना येते. १७६० च्या सुमारास किल्ल्याचे संरक्षण बळकट करताना ही जागा मोडली आणि दफनभूमी बॅक बेच्या वाळूत, सोनापूरला गेली.

सोनापूर तेव्हा गावाबाहेर होते. हिंदूंचे स्मशान आणि मुसलमानांचे कबरस्तानही तेथेच. शंभर वर्षांत वस्ती त्यांना येऊन भिडली. रोग दूषित हवेतून पसरतात, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. त्यामुळे शहरातील दफनभूमी धोक्याची वाटू लागली. १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ख्रिस्ती दफनभूमीसाठी शिवडीची जागा घेतली. तेथे पूर्वी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. बोरीबंदर स्थानकाचे वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) शिवडीलाच विसावले आहेत.

हिंदूंचे स्मशान मात्र हलले नाही. ते हलवण्याच्या सरकारी विचाराला नाना शंकरशेट यांनी विरोध केला. आजही चंदनवाडीत अंत्यसंस्कार होतात.

पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीच्या जंतूंचा अभ्यास केला आणि दूषित हवेची कल्पना मागे पडली. पटकी पाण्यातून पसरते. म्हणजे दफनभूमी हलली ती चुकीच्या कारणासाठी! आज शिवडीही भर शहरात आहे.

हा इतिहास मुलांना प्रत्यक्ष वाचता येईल. मनोरी-गोराईसारख्या गावांतील शिक्षकांनी चर्चची परवानगी घेऊन मुलांना तेथील दफनभूमीत न्यावे. शिळांवरील वर्ष, महिना आणि वय यांचा तक्ता करावा. कोणत्या वर्षी जास्त मृत्यू झाले? किती जण लहान वयात गेले? शिळाही पाहाव्यात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळते आणि अक्षरे पुसट होतात. काळ्या बसाल्टवर ती अधिक काळ टिकतात.

पुसट झालेले नाव पुन्हा वाचता येत नाही. म्हणून ही नोंद आजच करायला हवी.