क्विन्सीचा शेजारधर्म

आजची पोस्ट लांब आहे आणि विषयही लांबचा आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

२०१२ साली मिट रॉम्नी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी 'मॉर्मन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिकडे तर वादच पेटला होता, मॉर्मन माणसाला ख्रिस्ती म्हणायचं की नाही? हा वाद आजचा नाही. जवळपास दोनशे वर्षांचा आहे, अजून मिटलेला नाही आणि बहुधा मिटणारही नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. वाद न मिटताही दोन बाजूंची माणसं एकमेकांच्या उपयोगी कशी पडली, आणि ते कधी जमलं, कधी फसलं.

आधी थोडी ओळख. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने एक नवा पंथ काढला. या चर्चचं आजचं अधिकृत नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. बायबलच्या जोडीला ते 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथही पवित्र मानतात, त्यावरून लोकांनी मॉर्मन हे नाव पाडलं. येशू त्यांनाही तारणारा. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे इतर ख्रिस्ती लोकांचं मूळ तत्त्व ते त्या अर्थाने मानत नाहीत. त्यांच्या मते हे तिघं वेगळे आहेत, फक्त हेतूने एक. शिवाय मूळ चर्च मधल्या काळात वाट चुकलं आणि देवाने ते आमच्यामार्फत पुन्हा उभं केलं, असा त्यांचा दावा. आता शेजारच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या माणसाला, 'तुमचं चर्च वाट चुकलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर त्याला कसं वाटेल?

पण नुसत्या धर्मतत्त्वावरून घरं जळत नाहीत. मिसूरी राज्यात मॉर्मन हजारोंनी आले, जमिनी घेतल्या, एकगठ्ठा मतदान करू लागले, तेव्हा ठिणगी पडली. १८३८ च्या ऑगस्टमध्ये गॅलाटिन गावात मतदानाच्या दिवशीच मारामारी झाली. पुढे दोन्हीकडून हल्ले झाले, दोन्हीकडून घरं जळली. २७ ऑक्टोबरला मिसूरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला. मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांना राज्यातून हाकला नाहीतर नष्ट करा, असा त्याचा आशय. लोकशाही देशातल्या एका राज्याच्या प्रमुखाची ही भाषा! तीनच दिवसांनी हॉन्स मिल नावाच्या वस्तीवर हल्ला होऊन १७ मॉर्मन मारले गेले. त्यात दहा वर्षांचा एक पोरगाही होता.

त्या गदारोळात एक माणूस उभा राहिला. अलेक्झांडर डॉनिफन. मॉर्मन नव्हता. पेशाने वकील, राज्याच्या सैन्यदलात हुद्देदार. जोसेफ स्मिथ आणि त्याच्या साथीदारांना सकाळी चौकात गोळ्या घाला, असा हुकूम त्याला वरिष्ठाकडून आला. हा सरळ सरळ खून आहे, मी हुकूम पाळणार नाही, आणि तुम्ही तो पार पाडलात तर कोर्टात तुम्हाला जबाबदार धरेन, असं त्याने कळवून टाकलं. स्मिथ वाचला, तुरुंगात गेला. बाकीच्या हजारो लोकांना मात्र ऐन थंडीत मिसूरी सोडावं लागलं.

ते पूर्वेकडे चालत निघाले आणि मिसिसिपी नदीवर आले. पलीकडे इलिनॉय राज्यातलं क्विन्सी. आपल्याकडच्या मोठ्या खेड्याएवढं, दीड-दोन हजार वस्तीचं गाव. बहुतेक माणसं प्रॉटेस्टंट. गावात आणि आसपास मिळून पाचेक हजार निर्वासित आले, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे गावापेक्षा पाहुणे दुप्पट-तिप्पट! बर्फाचे दिवस, अंगावर धड कपडे नाहीत, बायकापोरं बरोबर.

क्विन्सीने दारं उघडली. कुणी घरातली खोली दिली, कुणी कोठार दिलं, कुणी काम दिलं. पण मला खरं कौतुक वाटतं ते १८३९ च्या फेब्रुवारीअखेरच्या बैठकांचं. गावातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंडळींनी सभा बोलावली, समिती नेमली. निर्वासितांच्या प्रतिनिधींनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला काम द्या, शेतं खंडाने द्या, आम्ही आमचं भागवू.

मग ठराव झाले. एक ठराव असा, की या परक्या लोकांशी बोलताना गावकऱ्यांनी सभ्यता आणि नाजूकपणा पाळावा, त्यांचं मन दुखेल असं काही बोलू नये. दुसरं काम समितीवर सोपवलं ते अफवा खोडण्याचं. हे लोक आले की मजुरीचे दर पडतील, अशी भीती कष्टकरी लोकांत होती. तेव्हा समितीने त्यांना समजावून सांगायचं, की यांना तुमची मजुरी पाडायची नाही, उपासमारीतून वाचण्यापुरतं काहीतरी मिळवायचंय.

वीस-बावीस वर्षं बातमीदारी करताना मी सभा आणि ठराव पोत्याने पाहिलेत. 'तीव्र निषेध' आणि 'आवाहन करण्यात येते' यापलीकडे ठराव सहसा जात नाही. क्विन्सीकरांनी दोनच गोष्टींवर नेमकं बोट ठेवलं. जीभ सांभाळा, आणि अफवेला तिथल्या तिथे उत्तर द्या. त्यांनी कुठेही असं म्हटलं नाही की या लोकांचा धर्म आम्हाला पटला. तो पटलेला नव्हताच, आणि मदत करण्यासाठी तो पटायची गरजही नव्हती. आपल्या भाषेत याला फार सुंदर शब्द आहे, शेजारधर्म. शेजाऱ्याचा धर्म कोणता हे न विचारता पाळायचा तो शेजारधर्म.

आता कुणी म्हणेल, यात राजकारण नव्हतं का? होतं ना! नव्या राज्याला वस्ती हवी होती, कष्टाळू माणसं हवी होती, पक्षांना मतं हवी होती. पण म्हणून थंडीत मिळालेली भाकरी खोटी ठरत नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर गोड झाली असती. पण इतिहास गोड शेवट करून थांबत नाही.

मॉर्मनांनी नदीच्या वरच्या अंगाला नॉवू नावाचं शहर वसवलं. पाच-सहा वर्षांत वस्ती दहा हजारांवर गेली. स्वतःची सनद, स्वतःची कोर्टं, स्वतःची फौज. मतदान पुन्हा एकगठ्ठा. आणि आतल्या गोटात बहुपत्नीत्वाची कुजबुज. निराधार म्हणून आलेला शेजारी आता डोईजड वाटू लागला.

यापुढचा भाग पत्रकार म्हणून मला सगळ्यात जास्त बोचतो. वॉर्सा गावातून निघणाऱ्या 'वॉर्सा सिग्नल'चा संपादक थॉमस शार्प मॉर्मनांविरुद्ध उघड आग ओकत होता. दुसरीकडे नॉवूतल्याच नाराज लोकांनी १८४४ च्या जूनमध्ये 'नॉवू एक्स्पोझिटर' नावाचं पत्र काढलं, त्यात स्मिथच्या बहुपत्नीत्वावर आणि सत्तेवर टीका केली. पहिला अंक निघाला ७ जूनला. १० जूनला नगर परिषदेच्या ठरावाने आणि महापौर असलेल्या स्मिथच्या आदेशाने छापखाना मोडून टाकला. दुसरा अंक निघालाच नाही. ज्या माणसाचे लोक मिसूरीतल्या झुंडीने देशोधडीला लावले, त्यानेच सत्ता हाती आल्यावर टीकाकाराचा छापखाना फोडला. एकीकडे पेटवणारं वर्तमानपत्र, दुसरीकडे फोडलेलं वर्तमानपत्र. मधल्या मध्ये समजूतदारपणाला जागाच उरली नाही. २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात शिरून जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना ठार केलं. खटला पुढच्या वर्षी चालला. आरोपींत संपादक शार्पही होता. सगळे निर्दोष सुटले.

आणि क्विन्सी? १८४५ च्या सप्टेंबरमध्ये मॉर्मनांची घरं जळू लागली, तेव्हा क्विन्सीच्याच एका समितीने त्यांना कळवलं, आता तुम्ही राज्य सोडून जाणंच बरं. ज्या गावाने सहा वर्षांपूर्वी दार उघडलं, त्याच गावाने दार दाखवलं. १८४६ च्या फेब्रुवारीत मॉर्मन पश्चिमेला निघाले. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या, आजारी, गरीब लोकांना सप्टेंबरात बंदुकीच्या जोरावर नदीपार हाकललं, तेव्हा त्यांच्यासाठी मदत गेली ती पुन्हा क्विन्सीतूनच. मी या गावाला देवमाणसांचं गावही म्हणत नाही आणि ढोंग्यांचं गावही म्हणत नाही. आपल्या कुठल्याही गावासारखंच ते गाव होतं. पडलेल्याला हात देणं त्याला जमलं. तोच उठून बरोबरीने उभा राहिला, तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं हे मात्र जमलं नाही. आणि उठलेल्यालाही आपल्या वाढलेल्या ताकदीचं काय करायचं ते कळलं नाही.

मॉर्मन युटाच्या वाळवंटात गेले. तिथे बहुसंख्य तेच. जखमा घेऊन गेलेला समाज काय करू शकतो, ते ११ सप्टेंबर १८५७ ला दिसलं. माउंटन मेडोज या ठिकाणी मॉर्मन सैनिकांच्या तुकडीने, काही स्थानिक आदिवासींना सोबत घेऊन, आर्कान्सातून कॅलिफोर्नियाकडे चाललेल्या तांड्यातल्या सुमारे १२० लोकांची कत्तल केली. अभयाचं वचन देऊन बाहेर काढलं आणि मारलं. फक्त सतरा लहानगी वाचली. सोसलेल्या अन्यायाने माणूस आपोआप चांगला होत नाही, हे लिहून ठेवावं असं आहे.

त्या जागेपासून साधारण पन्नास किलोमीटरवर सेंट जॉर्ज हे मॉर्मनांचं गाव. जवळच सिल्व्हर रीफला चांदीच्या खाणी लागल्या आणि तिथे खाणकामगार आले, त्यात बरेच कॅथलिक. त्यांच्यासाठी लॉरेन्स स्कॅनलन नावाचा आयरिश धर्मगुरू धडपडत होता. सेंट जॉर्जच्या गायकवृंदाचा प्रमुख जॉन मॅकफर्लेन, मॉर्मन. कामानिमित्त सिल्व्हर रीफला जायचा, तिथे दोघांची ओळख झाली, मैत्री झाली. बोलण्यातून विषय निघाला, की कॅथलिकांचा मोठा मिस्सा साग्रसंगीत करायचा तर जागा नाही आणि गायकही नाहीत.

मॅकफर्लेन म्हणाला, दोन्ही आहेत की आमच्याकडे! वरिष्ठ मॉर्मन नेते एरास्टस स्नो यांनी परवानगी दिली. मॉर्मन गायकांनी काही आठवडे घासून लॅटिनमधला मिस्सा पाठ केला. आणि १८७९ च्या मे महिन्यात, मॉर्मनांच्या स्वतःच्या प्रार्थनागृहात, कॅथलिक धर्मगुरूने मिस्सा केला आणि मॉर्मनांनी तो गायला. माउंटन मेडोजच्या कत्तलीला तेव्हा बावीस वर्षं झाली होती, आणि त्या गुन्ह्यासाठी जॉन ली याला गोळ्या घातल्याला जेमतेम दोन. कुणीही धर्म बदलला नाही. दुसऱ्या दिवशी हे मॉर्मन, ते कॅथलिक. पण ज्याने दुसऱ्याची प्रार्थना घासून घासून पाठ केली, त्याला त्या प्रार्थनेची टिंगल करणं पुढे अवघडच जातं.

स्कॅनलन पुढे बिशप झाले. सॉल्ट लेक सिटीत त्यांनी उभारलेलं मोठं कॅथलिक चर्च १९०९ मध्ये पूर्ण झालं. १९९० च्या दशकात त्याची डागडुजी झाली, तेव्हा मॉर्मन चर्चनेही त्याला पैसे दिले.

बाकीचे हिशेब सावकाश चुकते होत गेले. बॉग्जचा हुकूम मिसूरीचे गव्हर्नर किट बाँड यांनी १९७६ मध्ये खेद व्यक्त करून मागे घेतला. १३८ वर्षं तो कागदावर होता! इलिनॉयच्या प्रतिनिधीगृहाने २००४ मध्ये खेदाचा ठराव केला. २००७ मध्ये माउंटन मेडोजच्या दीडशेव्या वर्षी मॉर्मन चर्चच्या नेत्यांनी तिथे उभं राहून खेद व्यक्त केला. २०१९ मध्ये मॉर्मन चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन व्हॅटिकनला जाऊन पोप फ्रान्सिस यांना भेटले. अशी भेट पहिल्यांदाच झाली.

आणि हे सगळं होताना धर्मतत्त्वाचा वाद? जागच्या जागी. मॉर्मनांचा बाप्तिस्मा वैध नाही, असं व्हॅटिकनने २००१ मध्ये स्पष्ट सांगितलं. मॉर्मनही कॅथलिकांचा बाप्तिस्मा मानत नाहीत. दोघांनी एकमेकांना हे तोंडावर सांगितलंय आणि तरी एकत्र काम करतात. मला हे 'आपण सगळे एकच' या भाषणापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. आपण एक नाही, वेगळे आहोत. पण तू माझा शेजारी आहेस, आणि तुझ्यावर वेळ आली तर मी आहे.

फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर रोज कुणाची ना कुणाची भीती घातली जाते. हे आले, हे वाढले, हे आपलं काम घेणार, यांची मतं एकगठ्ठा. मजकूर वाचताना मला दरवेळी १८३९ चा तो ठराव आठवतो. छोट्या गावातल्या साध्या माणसांनी तेव्हा लिहून ठेवलं होतं, की अफवा पसरवणारा आपल्यातला असला तरी त्याला जाऊन समजावा. पुढे तेच गाव स्वतःचा ठराव विसरलं, हेही लक्षात ठेवू. ठराव एकदा करून भागत नाही, दर पिढीला नव्याने करावा लागतो.

तुमच्या गावात, गल्लीत असा शेजारधर्म पाळल्याचं उदाहरण असेल तर खाली जरूर लिहा. भांडणाच्या बातम्या आपोआप पोचतात. या पोचवाव्या लागतात.