'पंप' या शब्दाचा एक नवा अर्थ

दोंडाईच्याच्या परिसरात 'पंप' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात विहिरीवरील विजेची मोटार उभी राहते. मधुमेही मुलांच्या कमरेला लावावयाच्या इन्शुलिनच्या छोट्या यंत्रासही मराठीत तोच शब्द रूढ झाला आहे. शब्द सोयीचा खरा, पण फसवा. आणि ही फसगत केवळ कोशकाराच्या चिंतेची बाब नव्हे.

इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे लागला व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोचण्यात आले. तेव्हापासून उपचार म्हणजे सुई, असेच समीकरण झाले. निरोगी स्वादुपिंड मात्र ठरलेल्या वेळी इन्शुलिन ओतून मोकळे होत नाही. ते अखंड थोडे थोडे स्रवत असते आणि जेवणाच्या वेळी तो ओघ वाढतो. या क्रियेचे अनुकरण करण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कॅडिश यांनी जे यंत्र रचले, ते पाठीवर वाहावे लागे. १९७८ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन पिकअप, हॅरी कीन व त्यांचे सहकारी यांनी लहान यंत्राने त्वचेखाली सतत इन्शुलिन सोडण्याची पद्धती प्रसिद्ध केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'पंप' हा शब्द नाही. 'सतत' हा आहे. लोकव्यवहाराने क्रियेचे लांबलचक नाव टाकले व यंत्राचे ठेवले.

वस्तुतः खानदेशाजवळ अधिक नेमका शब्द आहे: 'ठिबक'. जळगावकडील केळीच्या बागांनी तो घरोघरी पोहोचविला. मुळाशी थेंबथेंब पाणी देणारी नळी आणि त्वचेखाली थेंबथेंब इन्शुलिन सोडणारी नळी यांतील साम्य वरवरचे नाही. दोन्ही चोंदतात, आणि चोंदल्याचे चटकन लक्षात येत नाही. मात्र ठिबक बंद पडले तरी जमिनीतील ओलीवर झाड काही काळ तग धरते. मुलाच्या शरीरात अशी ओल नसते. पंपात केवळ जलद क्रियेचे इन्शुलिन असते. नळी मुडपली तर काही तासांतच रक्तात कीटोन साचू लागतात, व दुर्लक्ष झाल्यास जीवावर बेतते. म्हणून घरात सुई व इन्शुलिन राखीव ठेवावेच लागते.

'पंप' म्हटल्यावर बटण दाबून निश्चिंत होण्याची जी कल्पना येते, तिचा धोका येथे आहे. २०१६ पासून अमेरिकेत साखर मोजून मात्रा अंशतः स्वतःच बदलणाऱ्या यंत्रांना मान्यता मिळाली; परंतु जेवणातील पिष्टाचा हिशेब त्यांनाही माणसानेच सांगावा लागतो. इंग्लंडमध्ये २००८ साली १२ वर्षांखालील मुलांसाठी पंपाची शिफारस झाली, तेव्हा तो डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ अशा प्रशिक्षित पथकानेच सुरू करावा, अशी अट होती. भारतात यंत्राचा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलावयाच्या नळ्यांचा खर्च बहुधा कुटुंबच सोसते. पथक मोठ्या शहरात असते, तर रात्री दोन वाजता नळी मुडपते ती घरी.

'पंप' हा शब्द आता हटणार नाही. पण दोंडाईच्याच्या आईबापांना हे यंत्र समजावून सांगणाऱ्याने विहिरीचा दाखला न देता केळीच्या बागेचा द्यावा, आणि चोंदलेली नळी कशी ओळखावी येथूनच पहिला धडा सुरू करावा.