बेल कापायची की नाही?

बनशंकरीतल्या घरात सामान लावून दोन महिने झाले. काळ्या ट्रंका सगळ्या धडधाकट आल्या. मुलीच्या फ्रेंच हॉर्नला मात्र ट्रकमध्ये मार बसला. त्याचं कर्ण्यासारखं रुंद तोंड, म्हणजे बेल, एका बाजूने चेपली. तिला शिकवणारे, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब म्हणाले, "पोचा निघेल, सर. पण बेल कापून आट्यांची करून घ्या. चपट्या पेटीत मावेल, पुढच्या पोस्टिंगला हातात नेता येईल. फक्त एकदा कापली की कापली."

मुलगी म्हणाली, "नाही." मी वाचायला बसलो.

वाद्य तोडून-जोडून वापरणं जुनंच आहे. शिकारीचं हॉर्न एका नळीचं, एकाच पट्टीतलं. पट्टी बदलायला वादक वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या जोडत. 18व्या शतकाच्या मध्यावर ड्रेस्डेनच्या हाम्पेलने या जोडनळ्या वाद्याच्या मधोमध आणल्या. बेलमध्ये हात घालून सूर बदलण्याची पद्धतही त्याच्याच नावावर आहे. 1814च्या सुमारास श्टोल्त्सेलने व्हॉल्व्ह आणले आणि जोडनळ्यांची गरज सरत गेली. सुटी बेल आली ती मुख्यतः प्रवासाच्या सोयीसाठी. आपलं रणशिंग तर दोन वाकड्या तुकड्यांचंच. जोडाल तसा त्याचा बाक.

आट्यांच्या कड्याने थोडं वजन वाढतं. त्याने आवाज जड होतो असं काही वादक मानतात, काहींना फरक जाणवत नाही. आटे वाकडे बसले तर झिजतात. उलट, बेल चेपली तर तेवढीच काढून दुरुस्तीला देता येते.

या शहराचा हॉर्नशी आणखी एक धागा सापडला. रिचर्ड स्ट्राउसचे वडील फ्रांझ म्युनिकचे नामांकित हॉर्नवादक. स्ट्राउसची अखेरची चार गीतं त्याच्या मृत्यूनंतर, 22 मे 1950 रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम गायली गेली. त्या कार्यक्रमामागे पैसा उभा केला तो म्हैसूरच्या जयचामराज वडियार महाराजांनी. त्यांतलं 'सप्टेंबर' हे गीत एकट्या हॉर्नवर संपतं. वाद्यवृंद होता फिलहार्मोनिया. त्याचा तेव्हाचा प्रमुख हॉर्नवादक डेनिस ब्रेन महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या बँडमध्ये वाजवत असे. 1957मध्ये मोटार अपघातात तो गेला. चुरगाळलेलं त्याचं हॉर्न पुढे कारागिरांनी पुन्हा घडवलं.

ही हकीकत मी जेवताना सांगितली. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, माझी बारावी होईपर्यंत अजून किती पोस्टिंग?"

"एक नक्की. कदाचित दोन."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग कापू या. पण ट्रकमध्ये नाही टाकायचं. माझ्याजवळ राहील."

सोमवारी हॉर्न कारागिराकडे दिलं. आधी रविवारी संध्याकाळी तिने ते चेपल्या बेलसकट तासभर वाजवलं. मी दार लोटून बाहेर बसलो होतो.