पॅरासिटामॉल

पॅरासिटामॉल हे वेदना कमी करणारे (वेदनाशामक) आणि ताप उतरविणारे (ज्वरशामक) औषध आहे. अमेरिकेत ते ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. भारतात क्रोसिन, कॅलपोल, डोलो इत्यादी व्यापारी नावांनी ते विकले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. योग्य मात्रेत हे औषध अत्यंत सुरक्षित असले, तरी अतिमात्रेमुळे यकृताला प्राणघातक इजा होऊ शकते. त्यामुळे परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याच्या कार्यपद्धतीइतकेच त्याच्या मात्रेच्या गणनेलाही महत्त्व आहे.

इतिहास

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हार्मन मोर्स यांनी १८७० च्या दशकात हे संयुग प्रथम तयार केले. १८८६ मध्ये ॲसिटॅनिलाइड या संयुगाचा ज्वरशामक गुण उघडकीस आला. परंतु त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून रुग्णाची त्वचा निळसर पडत असे. पॅरासिटामॉलमुळेही तसेच घडते, असा जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांनी १८९३ मध्ये काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. मात्र त्यामुळे हे औषध सुमारे अर्धशतक मागे पडले. १९४८ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी व ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले, की ॲसिटॅनिलाइडचे शरीरात पॅरासिटामॉलमध्ये रूपांतर होते आणि वेदनाशमनाचे कार्य मुख्यतः तेच करते. त्यानंतर १९५० च्या दशकात ते अमेरिका व ब्रिटनमध्ये बाजारात आले.

कार्यपद्धती

जंतुसंसर्ग झाला असता शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई२ या द्रव्याचे प्रमाण वाढते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान नियंत्रित करतो. या द्रव्यामुळे तेथील तापमानाची नियत पातळी वर सरकते आणि ताप येतो. सायक्लोऑक्सिजनेज या विकरामुळे प्रोस्टाग्लँडिन तयार होते. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू व मज्जारज्जू यांमध्ये या विकराच्या कार्याला अटकाव करते. परिणामी नियत पातळी खाली येते, घाम येतो, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ताप उतरतो.

सुजलेल्या ऊतींमध्ये पेरॉक्साइडांचे प्रमाण अधिक असल्याने तेथे पॅरासिटामॉलचा प्रभाव क्षीण असतो. म्हणूनच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांप्रमाणे ते सूज फारशी कमी करत नाही. मात्र याच कारणाने जठराच्या अस्तरास व रक्तबिंबिकांच्या कार्यासही ते सहसा बाधा आणत नाही. डेंग्यूच्या तापात रक्तस्रावाचा धोका असल्यामुळे ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळून पॅरासिटामॉल दिले जाते, त्यामागील तत्त्व हेच होय. वेदनाशमनात मज्जारज्जूतील सिरोटोनिन-मार्गांचा आणि मेंदूत तयार होणाऱ्या एएम४०४ या उपद्रव्याचाही सहभाग असल्याचे मानले जाते.

चयापचय

तोंडावाटे घेतलेले औषध लहान आतड्यातून शोषले जाते व साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तातील त्याची पातळी कमाल होते. परिणाम ४ ते ६ तास टिकतो. बहुतांश औषध यकृतात ग्लुक्युरोनाइड व सल्फेट यांच्याशी जोडले जाऊन मूत्रावाटे बाहेर पडते. सुमारे ५ ते १० टक्के भागापासून मात्र एनएपीक्यूआय हे विषारी द्रव्य बनते. यकृतातील ग्लुटाथायोन ते लगेच निष्प्रभ करते. अतिमात्रेत पहिले दोन मार्ग अपुरे पडतात, ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि उरलेले विष यकृतपेशींचा नाश करते. कुपोषण, दीर्घकालीन मद्यपान तसेच आयसोनियाझिडसारखी औषधे यांमुळे हा धोका वाढतो.

मात्रा

प्रौढांसाठी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दर ४ ते ६ तासांनी. २४ तासांत कमाल ४ ग्रॅम. वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास ही मर्यादा कमी केली जाते. मुलांसाठी मात्रा वयापेक्षा वजनावरून ठरवितात : दर किलोग्रॅमला १० ते १५ मिलिग्रॅम.

उदाहरणार्थ, १२ किलोग्रॅम वजनाच्या बालकास १५ मिलिग्रॅम प्रमाणे १८० मिलिग्रॅम औषध लागते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ७.५ मिलिलिटर, तर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ३.६ मिलिलिटर होते. १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतून मात्र केवळ १.८ मिलिलिटर पुरेसे असते. या बाटलीतून चुकून ७.५ मिलिलिटर दिल्यास बालकाच्या पोटात ७५० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक औषध जाते. म्हणून औषध देण्यापूर्वी बाटलीवरील तीव्रता वाचणे अनिवार्य असते.

विषबाधा व उपचार

पहिल्या २४ तासांत मळमळ, उलटी यांखेरीज लक्षणे नसतात. कधी कधी तीही नसतात. २४ ते ७२ तासांत पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखू लागते व यकृताच्या विकरांची रक्तातील पातळी वाढते. ७२ ते ९६ तासांत कावीळ, रक्तस्राव, ग्लानी व यकृताची कार्यहानी उद्भवू शकते. आरंभी रुग्ण ठणठणीत दिसतो, हाच या विषबाधेतील सर्वांत मोठा धोका होय.

औषध घेतल्यानंतर किमान ४ तासांनी रक्तातील पातळी मोजून रुमॅक-मॅथ्यू आलेखाच्या आधारे उपचाराचा निर्णय घेतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा असून तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. ८ तासांच्या आत सुरू केल्यास तो यकृताचे जवळजवळ पूर्ण रक्षण करतो; उशिरा दिल्यासही त्याचा लाभ होतो.

परिचर्येतील दक्षता

सर्दी-खोकल्याच्या अनेक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असते; त्यामुळे रुग्ण घरी कोणती औषधे घेत आहे, याची चौकशी करून नोंद ठेवली जाते. आधीच्या मात्रेची वेळ पाहिल्याविना पुढील मात्रा दिली जात नाही. शिरेवाटे द्यावयाचे औषध साधारण १५ मिनिटांत सोडतात आणि त्याची मात्रा २४ तासांच्या एकूण मात्रेत धरतात. औषधाने ताप उतरला, तरी मूळ आजार कायम असू शकतो. म्हणून तापमानाबरोबर रुग्णाच्या इतर लक्षणांचेही निरीक्षण चालू ठेवले जाते.