स्वसंरक्षणार्थ बंदूक परवाना (पेण व रोहा तालुके)

स्वसंरक्षणार्थ बंदूक परवाना म्हणजे जीविताच्या रक्षणासाठी अग्निशस्त्र बाळगण्याची शासनाने दिलेली परवानगी होय. भारतात ती शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार दिली जाते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांतील रहिवाशांसाठी परवाना देणारा अधिकारी म्हणजे अलिबाग येथील जिल्हादंडाधिकारी. जवळ बंदूक असल्याने सामान्य माणूस गुन्हेगारापासून अधिक सुरक्षित होतो काय, हा या परवान्यामागील मूळ प्रश्न असून त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

== पार्श्वभूमी ==

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने लोकांच्या हाती असलेल्या शस्त्रांवर नियंत्रण आणले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने ते देशभर पक्के केले. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, आजच्या पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. त्यांच्या साथीदारांनी पनवेलजवळ पळस्पे येथे दरोडा घातला, तेव्हा हाती शस्त्र नसलेल्या गावकऱ्यांना प्रतिकाराचे साधन नव्हते. कायदा प्रजेला निःशस्त्र करतो, दरोडेखोराला नव्हे, हा त्यावरील आक्षेप तेव्हापासूनचा आहे. राष्ट्रीय सभेने हा कायदा शिथिल करण्याची मागणी अनेक अधिवेशनांत केली. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता.

संविधान सभेत मात्र चित्र पालटले. १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. त्यामुळे भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नसून परवान्याने मिळणारी मुभा आहे. अमेरिकेतील वादाचे दाखले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते मुख्यतः याच कारणाने.

== परवान्याची पद्धत ==

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. त्याच्या राहत्या ठिकाणच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल मागवला जातो. शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. नकार द्यायचा तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. बंदूक हे जमीनदाराचे लक्षण, अशीच गावोगावची समजूत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि लग्न-मिरवणुकीत हौसेने बार काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. निवडणुकीच्या काळात जिल्हा छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांना शस्त्रे पोलिसांकडे जमा करावी लागतात.

पीकरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीबाबत कायदा तुलनेने उदार आहे. कोकणच्या डोंगराळ गावांत परवान्याच्या बंदुकीचे ओळखीचे रूप हेच. रानडुकरांचे कळप भाताची एका रात्रीत नासाडी करतात, म्हणून रखवालीला ती लागते. परंतु रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असल्याने पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरालाही वन खात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. रोहा व मुरूड तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. बंदूक तीच राहिली, तिच्या वापराचा कायदा तेवढा बदलला.

== सुरक्षिततेचा प्रश्न ==

बंदुकीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. पेण व रोह्याच्या डोंगरकुशीतील वाड्या पोलीस ठाण्यापासून दूर आहेत, पावसाळ्यात वाट अवघड होते, आणि ११२ क्रमांकावर मदत मागितली तरी ती पोहोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात घरच्यांनी काय करायचे, या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात समाधानकारक उत्तर नाही.

अडचण आहे ती बंदुकीच्या उपयोगाच्या क्षणाची. संरक्षणासाठी ती भरलेली आणि हाताशी हवी. लेकराबाळांच्या घरात ती रिकामी आणि कुलूपबंद हवी. हमीपत्र दुसरी गोष्ट मागते, संकट पहिली. शिवाय घरफोडी बहुधा घर बंद असताना होते. मुंबईला नोकरीस असलेल्या कुटुंबांची बंद घरे या भागात गावोगाव आहेत. अशा घरात बंदूक असल्यास ती चोराला अडवत नाही. उलट दागिन्यांबरोबर तीही जाते आणि परवान्याचे शस्त्र बेकायदा होऊन बाहेर फिरू लागते. भारतात अग्निशस्त्राने होणाऱ्या खुनांपैकी बहुतांश विनापरवाना शस्त्रांनी होतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीतून दिसते. रानडुकराच्या शिकारीत जनावर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या घटनाही कोकणात वेळोवेळी घडल्या आहेत.

या विषयावरील संशोधन प्रामुख्याने अमेरिकेतले आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ मध्ये, नागरिकांना शस्त्र बाळगू दिल्यास गुन्हे घटतात, असा निष्कर्ष काढला. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून कोणत्याही बाजूने निश्चित सांगता येत नाही असे म्हटले. जॉन डोनोह्यू व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा कायद्यांनंतर दहा वर्षांत हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी अधिक राहिल्याचे दाखवले. कॅलिफोर्नियातील २०२२ च्या अभ्यासात पिस्तूलधारकाच्या घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचे प्रमाण, घरात शस्त्र नसलेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक आढळले. हा शेवटचा निष्कर्ष विशेष विचारात घेण्याजोगा आहे, कारण त्यातील धोका दारू, संशय आणि भाऊबंदकी यांतून घरातच उभा राहतो. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालणाऱ्या गावांना तो परका नाही.

== खाजगी संरक्षणाचा हक्क ==

परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. साध्या चोरीत चोराचा जीव घेण्याचा हक्क मिळत नाही; रात्रीची घरफोडी, दरोडा किंवा मृत्यू वा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर तो मिळू शकतो. भीती रास्त होती किंवा नाही हे न्यायालय सावकाश, दिवसाउजेडी ठरवते. परवानाधारकाला ते अंधारात, काही क्षणांत ठरवावे लागते.